पिंपातला पालक

सालवड, बोईसर
८ जानेवारी १९९१

आये, तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मला सातवा लागला, तब्येत बरी हाय. तुझ्या जावयानं दारात पालक लावलेला. माती नाय, पिंपातलं पाणी नि खताची पावडर. म्हणतो, ताजी भाजी बाळाला चांगली. पण पिंप त्याच्या केमिकलच्या कंपनीतलं. आत काय व्हतं विचारलं की म्हणायचा, "धुऊन घेतलंय."

मी एक पान तोंडात घातलं नाय. काल तो खायला बसला, तवा मी ताट ओढून घेतलं. रागावेल वाटलं. तो हळूच बोलला, "आत काय व्हतं ते मलाबी कोणी सांगितलं नाय."

पालक उपटला. पाणी कुठं ओतावं कळेना, म्हणून पिंप दारातच हाय.

तू परसातल्या भाजीला झऱ्याचंच पाणी घालतेस ना?

तुझी लेक,
नवसी