तुझी पायलीभर नाचणी

हिर्डोशीच्या नावांत तुझं नाव आलं, आई, आणि मी ते सोडून खालचं वाचलं. आवाज अडखळला नाही. तू मांडवाच्या कडेला गावच्या बायकांत बसली होतीस, डोक्यावरचा पदर सारखा करून, मान थोडी पुढे काढून. आपलं नाव ऐकायचं म्हणून बसलेलं माणूस असंच दिसतं.

भोरच्या बोर्डिंगात आम्ही मुलं जे जेवायचो ते खेड्यापाड्यांतून यायचं. दळायला बसण्याआधी, जमेल त्या दिवशी, तू मूठभर नाचणी वेगळ्या मडक्यात टाकायचीस. सुगीनंतर गाडीवान चाचा गावोगाव फिरून गाठोडी गोळा करत. भोरातच राहायचे ते, आणि या कामाचं भाडं कधी घेत नसत. कोठीत एकेक गाठोडं सोडून मापलं जाई आणि कोठीवाला देणाऱ्याच्या नावापुढे माप लिहून ठेवी. रोख देणाऱ्यांना छापील पावती मिळायची. धान्य देणाऱ्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून बोर्डिंग चालवणाऱ्या गुरुजींनी रिवाज घातला होता की माघात सगळ्यांना बोलवायचं आणि गाववार नावं आणि मापं मोठ्याने वाचून दाखवायची. तीच त्यांची पावती. एक गाव संपलं की गुरुजी विचारायचे, कुणाचं राहिलं का? नाव आलं नाही म्हणजे धान्य पोचलं नाही, असा सरळ अर्थ होता. त्या वर्षी गुरुजींची नजर अधू झाली होती. माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणून त्यांनी यादी माझ्या हातात दिली. हे तुला कळलं आणि तू दिवसभर चालून आलीस.

मी वर्गातल्या मुलांना सांगून ठेवलं होतं की आमच्या घरी आंबेमोहोर पिकतो आणि माझा खर्च मामा पाठवतो. पुढच्या रांगेत भोर दरबारातल्या एका अंमलदाराचा मुलगा बसला होता, माझ्या बाकावरचा. तुझ्या नावापुढे लिहिलं होतं: विधवा, मोलमजुरी, नाचणी एक पायली. आडनाव माझंच. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही मी पुष्कळ वर्षं शोधलं, सापडलं नाही.

गुरुजींनी विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस. तुझ्या शेजारणीला राहवेना. हिनं वरीसभर मूठ काढलीया, म्या डोळ्यांनी बगितलंय, असं ती उठून सांगू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, वाटंत बैलांनी फराळ क्येला काय?" मांडव हसला. आणखी एकाने विचारलं की बैलांनी, का धन्यानं?

चाचा उभे राहिले. डोक्याचा रुमाल त्यांनी काढून हातात घेतला होता. ते हिर्डोशीकरांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "समदी गठुडी माज्या म्होरं मापलीत. पोरा, नीट बग."

गुरुजीही म्हणाले, बघ बाळ पुन्हा.

मी यादीवरून बोट फिरवलं. तुझ्या नावाशी ते थांबलं. मी वर पाहिलं आणि म्हणालो, "नाही."

तेव्हा तू उठलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. "चाचास्नी कशापायी बोलताय? मूठ काढली व्हती, पर घरीच खाल्ली म्या. औंदा दिलंच न्हाई."

मग शेजारीण तुझ्यापासून जरा सरकून बसली आणि म्हणाली, हळू नाही, "धर्माचं दाणं खाल्लं बया. आन् पोरगं हितं आमच्या दाण्यावर शिकतंय. त्येच वाचतंय न्हवं वर?" अंमलदाराच्या मुलाने वळून तुला पाहिलं, मग मला. जे लपवायचं होतं तेही लपलं नाही. मुलगा आईचं नाव गाळील, हे मात्र कुणाच्या मनात आलं नाही. चाचा खाली बसले. मी पुढच्या गावाची, मार्गासनीची नावं वाचायला घेतली.

तू याबद्दल कधी बोलली नाहीस. पुढच्या वर्षीही नाचणी पाठवलीस. तेव्हा मी नाव वाचलं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, आणि बायकांत कुजबूज झाली की खाल्लेलं फेडतीया. सणावाराला सवाष्णींच्या मागे तुला बसवत होतेच, त्यानंतर परड्यातली भाजीसुद्धा तुझ्या हातची घेताना लोक थांबून बघत. तू गेलीस तेव्हा खांदा द्यायला आलेल्यांपैकी एकाने मला बाजूला घेऊन समजावलं की गरिबीत माणसाचं असं होतं, मनाला लावून घेऊ नकोस. मी मान हलवली. त्याचे आभारही मानले.

आज मी एका संस्थेचे हिशेब बघतो. आलेल्या वर्गणीतलं एकही नाव, चार आण्याचं असलं तरी, किरकोळ या सदरात घालू देत नाही. लोक मला काटेकोर म्हणतात आणि मी म्हणू देतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. कुणीतरी ते वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू ते काम मलाच सांगितलं असतंस. मी कुठली वाक्यं गाळली असती हे मला आता लिहितानाही दिसतं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिर्डोशीची माणसं परत निघाली तेव्हा मी बोर्डिंगच्या विहिरीवर होतो. बायका पुढे होत्या, तू बरीच मागे. तू विहिरीकडे पाहिलंस की नाही ते मला माहीत नाही. भरून वर आलेली बादली मी दगडावर ओतून दिली आणि पुन्हा खाली सोडली, म्हणजे आणखी थोडा वेळ वाकून राहता आलं.