उणे एकोणीस की उणे पाचशे सतरा

आदरणीय व्यंकटराव पाहुणे यांस,

लातूरहून सुगतचा सप्रेम जयभीम. जीपच्या धक्क्यांनी सौ. नागुबाईंचे गुडघे जास्त दुखले नसतील, अशी आशा करतो.

रविवारी तुम्ही लोह्याहून आमची मनिषा पाहायला निघालात आणि माझा निरोप वाचून अहमदपूरहूनच माघारी वळलात. तेव्हापासून तुम्ही फोन घेत नाही आणि मध्यस्थ म्हणतात, लोह्याकडून आता नाहीच समजा. पाहुणे, तो निरोप तुम्हाला नव्हताच. बसलिंगप्पांच्या डाळ मिलमध्ये तुरीचा ओलावा मोजायचं यंत्र घेतलंय. त्याचा ड्रायव्हर (गाडीचा नव्हे; संगणक आणि यंत्र यांच्यातला दुभाष्या समजा) तुमच्या रविकांतनं लिहिला आणि तपासायला माझ्याकडे आला. मी विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलो नाही, जळालेल्या मोटारींची वाइंडिंग भरता भरता शिकलो. पण चुकीचा आकडा माझ्या नजरेतून सुटत नाही. यंत्र बोललं नाही, तर ड्रायव्हरनं कारणाचा आकडा परत द्यायचा असतो. रविकांतनं दिला उणे एकोणीस, म्हणजे ‘यंत्रच नाही’. माझ्या मते तिथं उणे पाचशे सतरा हवा, म्हणजे ‘आत्ता तयारी नाही, नंतर या’. (एकोणीस मिळाला की संगणक नाद सोडतो, पाचशे सतरा मिळाला की थोड्या वेळानं परत दार वाजवतो. लहानसहान फरक नाही हा.) म्हणून त्याला कळवलं, ‘एकदम नाही म्हणू नये. आत्ता तयारी नाही, नंतर या, असं सांगावं.’ बायोडाटावर रविकांतच्या नावाखाली नंबर तुमचा आहे, हे मला काय ठाऊक?

मनिषाची आई तेव्हापासून माझ्याशी भिंतीकडे बघून बोलते. “पोरीची सोयरीक हाय, मशीन न्हाई,” म्हणाली. “पाव्हणे रस्त्यात असताना आकडे कशाला तपासून राहिलात?” मी म्हणालो, आकड्यांना रविवार नसतो. त्या दुपारी जेवण माझं मीच वाढून घेतलं. असो. राग नसावा.

आपला,
सुगत सूर्यवंशी

ता. क. मुख्य ते राहिलंच. येत्या रविवारी सगळे या. मनिषाचीही इच्छा दिसते (विचारलं नाही, पण पुढच्या खोलीचे नवे पडदे तिनं अजून काढू दिले नाहीत).

आणखी एक. मनिषा काल मिलमध्ये जाऊन आली. धुळीनं खराब होईल म्हणून बसलिंगप्पांनी ते यंत्र काढून घरच्या कपाटात ठेवलं होतं. म्हणजे यंत्र खरोखरच नव्हतं. उणे एकोणीस बरोबर होता. (हे तिनं मला सांगायच्या आधी रविकांतला फोनवर सांगितलं.) तेव्हा मुलाचं ‘नाही’ मी मंजूर केलंय. तुमचं करणार नाही.