सात नंबरचा अलार्म

३ मार्च, सोमवार
वॉशिंग मशीन धुणं संपल्यावर तीनदा वाजतं. आज वाजलं आणि माझा हात आपोआप वर गेला — बटण दाबायला! समोर नुसती भिंत. ह्यांना जाऊन चौदा दिवस झाले. हात अजून हॉस्पिटलातच आहे.

४ मार्च, मंगळवार
लिहून टाकते. इथे तरी.

हे सात नंबरच्या खाटेवर होते. उशाशी मॉनिटर. हृदयाचे ठोके चुकले की वाजायचा, आणि कूस बदलताना छातीवरची वायर सैल झाली तरी तसाच वाजायचा. दिवसातून चाळीस-पन्नासदा. पहिल्या दिवशी मी दरवेळी सिस्टरकडे धावले. शेजारच्या पेशंटच्या बायकोने, सदाशिव पेठेतल्या दुर्गाबाईंनी, मला बसवलं. म्हणाल्या, "अहो, वाजतंय तोवर ठीक आहे. गप्प झालं की पळा." त्यांनीच बटण दाखवलं. दाबलं की दोन मिनिटं शांत. वॉर्डातले सगळेच नातेवाईक दाबायचे. घरी जाणारा नव्याला सांगून जायचा — पिण्याचं पाणी कुठे, चहा कुठे, बटण कुठलं.

सतरा तारखेला दुपारी तीन वाजता मी मुलाला, अभिनवला, घरी पाठवलं आणि स्वतः बसले. ह्यांना चार दिवसांनी पहिल्यांदा नीट झोप लागली होती. तोंड किंचित उघडं. लग्नानंतर स्वारगेटहून महाबळेश्वरला निघालो, तेव्हा एसटीत असेच झोपले होते, माझ्या नव्या शालूवर डोकं ठेवून.

वाजलं. मी मॉनिटरकडे पाहिलंसुद्धा नाही. दाबलं. झोपू देत, म्हटलं.

दोन मिनिटांनी परत वाजलं तेव्हा पायल सिस्टर पळत आली. अर्धा तास छाती दाबत होती. तिच्या केसांतली पिन निघून ह्यांच्या चादरीवर पडली. तेवढंच मला दिसत होतं.

५ मार्च
अभिनवने तक्रार केली आहे. पायलला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. वाशीमची पोर, कर्वेनगरात चौघींत एक खोली. त्या दुपारी नऊ खाटांना ती एकटी होती. अभिनव फोनवर कुणाला तरी सांगत होता, अलार्म वाजत असताना ती आलीच नाही, सरळ सरळ निष्काळजीपणा आहे. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

७ मार्च
शाळेत कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला, फादरना आपल्या चुका सांगायला, जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर पायरीवर. लिलियन आत जाताना रडवेली असायची, येताना लिमलेटची गोळी चघळत यायची. किती हेवा वाटायचा! आम्हाला सांगायला कुणी नव्हतं. अजूनही नाही. ह्यांच्या फोटोला सांगून पाहिलं. हे हसतच आहेत.

९ मार्च
पायलला फोन केला. सांगायचंच ठरवून. तिने मला बोलूच दिलं नाही. "काकू, तुम्ही जेवून राहिल्या ना बरोबर?"
फोन ठेवला.

१० मार्च, सोमवार
हॉस्पिटलने मॉनिटरची त्या दुपारची नोंद पाठवली. ते सगळं लिहून ठेवतं म्हणे! अभिनवने कागद टेबलावर ठेवला, वाचून दाखवला नाही. मीच चष्मा लावला. दोन-दहा, दोन-पंचवीस, दोन-पन्नास, तीन-चाळीस. चार वेळा अलार्म खाटेशीच बंद केला गेला. कुणी, ते लिहिलेलं नाही.

"शेवटचा माझा," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. पायलला परत घ्यायला सांग, म्हटलं. नाहीतर मी जाऊन सांगते.

तो रागावलासुद्धा नाही. बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी दोनदा जेवायला बोलावलं.

११ मार्च
सकाळी अभिनवने तक्रार मागे घेतली. चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "आधीचे तीन माझे, आई. माझा ऑफिसचा कॉल चालू होता."