मी दवाखान्यात पत्ते वाटतो

४ डिसेंबर, सकाळ
आज ठरलं. हिच्या दातांच्या दवाखान्यातला नेटवर्कचा गोंधळ मी कायमचा संपवणार. मुदत उद्या दुपारपर्यंत. नोकरीतून मोकळा झाल्यापासून दवाखान्याचा सिस्टिम्स हेड मीच आहे. नेमणूकही मीच केली. हिने हरकत घेतलेली नाही, कारण हिला अजून सांगितलेलं नाही.

दुखणं असं, की रिसेप्शनचा कॉम्प्युटर, एक्स-रेचा कॉम्प्युटर, प्रिंटर, हिचा लॅपटॉप, वेटिंग रूमचा टीव्ही, प्रत्येकाला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता लागतो. आजवर कोणीतरी ते हाताने घालत आलं. काल प्रिंटर आणि रिसेप्शनला एकच पत्ता गेला आणि दोघंही संपावर. उपाय: डीएचसीपी सर्व्हर. म्हणजे येईल त्या यंत्राला आपोआप मोकळा पत्ता काढून देणारं यंत्र. त्यावरचा लेख वाचला. अर्धा. उरलेला नवशिक्यांसाठी असावा.

संध्याकाळ
मेहुण्याच्या कानावर सहज घातलं. हिचा धाकटा भाऊ, नोकरी नेटवर्कचीच. म्हणाला, भाऊजी, हे काम तुमचा राउटर करतोच की, फक्त यंत्रांत हाताने घातलेले पत्ते पुसून टाका. मी नुसता हसलो. नोकरी करून करून माणसाची नजर आखूड होते.

जेवताना जाहीर केलं, की उद्यापासून मी दवाखान्यात पत्ते वाटणार. सासूबाईंचा घास हातातच राहिला. म्हणाल्या, खेळा बापडे, पण निदान पेशंटसमोर नको.

५ डिसेंबर
माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला. पुसला. शिंकलो. नाव ठेवलं सेनापती. कीबोर्डची अर्धी बटणं दबत नाहीत, त्यामुळे मुदत जरा पुढे.

७ डिसेंबर
दवाखान्यात, रिसेप्शनच्या टेबलाखाली, सेनापती सुरू!! राउटरचं वाटप बंद करून टाकलं. एका म्यानात... असो. यंत्रं पाच, म्हणून पत्तेही मोजून पाचच ठेवले. उधळपट्टी आपल्या रक्तात नाही. आनंदाच्या भरात रिसेप्शनच्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्येच फोन उचलला. तो वाजला नव्हता.

८ डिसेंबर, दुपार
पेशंटांमध्ये शिस्त नाही. वेटिंग रूममध्ये बसल्याबसल्या सगळ्यांनी मोबाइल वायफायला जोडले आणि पाचही पत्ते गट्टम केले. एक्स-रेचा कॉम्प्युटर उशिरा जागा झाला, त्याला काहीच उरलं नाही. खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापक, हिरडी बधिर, तोंड उघडं, आणि पडद्यावर एक्स-रे नाही.

हिने आतून हाक मारली, अहो, जरा येता का? अगदी मऊ आवाजात. दाढ उपटण्याआधी पेशंटशी ती ह्याच आवाजात बोलते.

बाहेर जाऊन सगळ्यांना वायफाय बंद करायची विनंती केली. एक आजीबाई म्हणाल्या, मालिकेत आत्ताच तिचा नवरा परत आलाय, दहा मिनिटं थांब. थांबलो. तोवर मुख्याध्यापकांची बधिरता उतरली, दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. ते मला काहीतरी सांगू पाहत होते. तोंडात बोळे असल्याने नीट कळलं नाही. डोळ्यांवरून कौतुक वाटलं नाही.

९ डिसेंबर
पत्ते दोनशे केले. घ्या, किती घेता! त्यात चुकून राउटरचा स्वतःचा पत्ताही गेला आणि सेनापतीने तो प्रिंटरला देऊन टाकला. आता सगळे इंटरनेट मागायला प्रिंटरच्या दारात. प्रिंटर बिचारा काय देणार?

रिसेप्शनच्या बाईंचं म्हणणं, मी आत आलो की नेट जातं. शक्य आहे. लोकरीच्या स्वेटरमध्ये वीज साठते. उद्यापासून सुती शर्ट.

१० डिसेंबर
सुती शर्ट. नेट गेलंच. शिवाय सर्दी.

११ डिसेंबर
हिने समोर बसवून सांगितलं. सोमवारी बाहेरचे सर्जन येणार, जबड्याची मोठी शस्त्रक्रिया. पेशंट आजोबांना हृदयाचा त्रास, त्यातून घाबरलेले. खुर्चीत फार वेळ ठेवता येणार नाही, एक्स-रे मागितला की दिसला पाहिजे. जमेल ना? म्हटलं, डोळे मिटून. म्हणाली, उघडे ठेवून जमलं तरी चालेल.

तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. असं तिला मी कधी पाहिलेलं नाही. प्रतिज्ञा: रविवारचा अख्खा दिवस सेनापतीसाठी.

१३ डिसेंबर, रविवार
नेमकं आजच सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे जायचं निघालं, आणि पोचवायला मीच हवा. इलाज नव्हता. मेहुणा म्हणे दाढ दाखवायला दवाखान्यात येणार होता. रविवारी! ह्या पिढीला दातांची किंमत फार.

१४ डिसेंबर
विजय! विजय! विजय! एक्स-रे डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर. आजोबा सुखरूप, जाताना माझाही हात धरून रडले. सर्जन म्हणाले, नेटवर्क झकास आहे हो तुमचं. मी मान लववली. शुक्रवारी रागाच्या भरात सेनापतीला एक चापट मारली होती, तिचाच हा गुण. पुस्तक लिहावं काय?

१७ डिसेंबर
पुस्तकासाठी आकडेवारी हवी, म्हणून सेनापतीने सोमवारपासून कोणाकोणाला पत्ते दिले ते उघडून पाहिलं. एकच नाव. वेटिंग रूमचा टीव्ही.

हिला विचारलं. लपवलं नाही तिने. रविवारी भावाने राउटरचं वाटप पुन्हा सुरू केलं, हाताने घातलेले उरलेसुरले पत्ते पुसले, आणि सेनापतीला बाकी नेटवर्कपासून तोडून, फक्त टीव्हीबरोबर एका वेगळ्या जोडणीच्या डब्यावर लावून दिलं. म्हणाली, आजोबांचा जीव होता हो. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मदतीला आला असता.

हे खरं आहे.

मग म्हणाली, सेनापतीला बंद करू नकोस असं मीच त्याला बजावलं. तुम्ही किती खुशीत होता.

चहा गार झाला. प्यायलो.

१८ डिसेंबर
शांतपणे विचार केला. संख्येत काय आहे? एका टीव्हीची मनापासून केलेली सेवा ही सेवाच. सेनापतीचं महत्त्व सगळ्यांना कळावं म्हणून तो अर्धा तास बंद करून वेटिंग रूमच्या दारात उभा राहिलो. कोणी तक्रार घेऊन आलं नाही. टीव्हीवर मासे पोहत होते, पोहतच राहिले. मागे पेन ड्राइव्ह लावलेला आहे.

रिसेप्शनच्या बाईंनी तेवढी मान वर केली. म्हणाल्या, आज किती बरं वाटतंय, दहा-बारा दिवस टेबलाखाली कसली तरी घरघर चालली होती, ती थांबली.