शेपटाकडून पाणी

आबा, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता मला नीट आठवत नाही. खोकला मात्र आठवतो. पाटावरून घरी येताना तुम्ही वळणावरच खोकायचा आणि आई तो ऐकून चुलीवर तवा ठेवायची. आज दुपारी मला अगदी तसाच खोकला आला आणि घरात तवा ठेवायला कुणी नव्हतं. सून जवळ्याच्या बाजाराला गेली आहे, मुलगा शेतावर. कडी लावली का ते मी दोनदा उठून पाहिलं. मग नातीच्या जुन्या वहीतले मागचे कोरे कागद फाडले आणि लिहायला बसलो. सून यायच्या आत संपवायला हवं, नाहीतर ती विचारेल कुणाला लिहिता, आणि मला काही सांगता येणार नाही. माझं शिक्षण तुम्हांला ठाऊकच आहे, सातवी, तीही दुसऱ्या खेपेला. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी घर सोडलं तो दिवस तुम्हांला आठवतो का? आपल्या पाटावरचे इंजिनिअर साहेब बदली होऊन इकडं सिद्धेश्वर धरणावर आले आणि मला म्हणाले, चल, तुला कालव्यावर चौकीदार म्हणून लावतो. तुम्ही कृष्णेच्या पाटावर तीस वर्षं पाटकरी होता, तुमचा मुलगा म्हणजे काम येतच असणार असं त्यांना वाटलं. तुम्ही दारात बसून खोऱ्याला पाचर मारत होता. मान वर न करता म्हणालात, "आरं, त्यो निजामाचा मुलुख. तितं माणूस तोंडावर बोलत न्हाय. तुज्यासारक्या भित्र्यानं तितं जाऊन काय शिकायचं?" खरं सांगायचं तर मला तोंडावर बोलणाऱ्या माणसांचीच भीती वाटायची. आपल्याकडं सोसायटीची सभा म्हणजे माणसं बाह्या सरसावून उभी राहायची, एकमेकांचे आजोबा-पणजोबा काढायची, आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या पंगतीला बसून रस्सा ओरपायची. तुम्हीही त्यातलेच. मी मागं खांबाला टेकून बसायचो. जिथं कुणी ओरडत नाही असा मुलुख असेल तर तो माझ्यासाठीच आहे असं मला वाटलं.

आणि इथं खरंच कुणी ओरडलं नाही. पाणी सोडायच्या पहिल्याच पाळीला मी तुम्ही शिकवल्याप्रमाणं कालव्याच्या चारीच्या शेवटच्या शेतापासून पाणी सुरू केलं. तुमचं वाक्य मला पाठ होतं, "तोंडाकडच्याच्या दारातनंच पाणी जातंय, त्यो कवाबी भिजतोय. आदी शेपूट भिजव." नियमही तोच. मला वाटलं, मी चांगलं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली नाही. न्हावी म्हणाला, आज हात दुखतो. पारावर रामराम केला तर सगळ्यांनी नीट रामराम घातला, पण कुणी बस म्हणालं नाही. तीन दिवस मला कळेना काय झालं. शेवटी मी जिच्या खोलीत राहायचो त्या म्हातारीनंच सांगितलं.

"बापू, तुमी पानी उलटं सोडलं."

"उलटं कसं, मावशी? शेवटापासूनच सोडतात."

"तुमच्याकडं सोडत असतील. इथं आदी मालकाचं रान भिजते. मान हाय त्यायचा."

"मग मला तसं सांगायचं की कुणीतरी."

"सांगायला काहून लागते?" म्हातारी म्हणाली. "कळायला पायजे का न्हाई?"

मालक म्हणजे इथले मोठे जमीनदार. त्यांचं रान चारीच्या तोंडाशी. त्यांनी स्वतः मला एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं, उलट त्याच आठवड्यात घरून डाळीचा डबा पाठवला होता. पुढच्या पाळीला मी तोंडाकडून पाणी सोडलं. दुसऱ्या दिवशी दूध आलं.

आबा, ही माणसं वाईट नाहीत, हे मला लिहिलंच पाहिजे. माझं लग्न याच गावानं जमवलं. बायको बाळंतपणात अडली तेव्हा मालकांनीच बैलगाडी जुंपून दिली, आणि गाडीबरोबर दोन माणसं. पण इथली भाषा मला शब्दांपलीकडं शिकावी लागली. इथं "बघू" म्हणजे नाही. "तुमी म्हणता ते बराबर हाय" म्हणजे आता गप्प बसा. आणि बैठकीत कुणी अवघड बोललं तर मोठा माणूस जेवणाचं किंवा चहाचं विचारतो. याचा अर्थ मी असा लावला होता की विषय मेला. तो अर्थ चुकीचा होता, पण हे मला फार उशिरा समजलं.

तुम्ही आलात तेव्हा थोरला वर्षाचा होता. एका हातात गुळाची ढेप आणि खांद्यावर ते खोरं. एवढ्या लांब एसटीतून कुणी खोरं आणतं का, कंडक्टर हसला असेल. तुम्ही म्हणालात, "हितली फावडी आखूड दांड्याची. वाकून पाठ जाईल तुजी." दांडा तुमच्या हातानं गुळगुळीत झालेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच तुम्ही ते खोरं घेऊन चारीवर फिरायला गेलात. मी तुम्हांला अडवायला हवं होतं. पाळीचा सहावा दिवस होता. मालकाच्या उसाला दुसऱ्यांदा पाणी चाललं होतं, आणि चारीच्या शेवटाला एका मुसलमानाच्या तीन एकरांत गहू पिवळा पडला होता. तो बांधावर बसला होता. तुम्ही त्याच्या रानात उतरलात, एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं आणि त्याचं पीठ झालेलं पाहत उभे राहिलात. हे मी लांबून पाहिलं. मी जवळ आलो नाही.

तुम्ही तिथून घरी आला नाहीत, तडक मालकांच्या ओसरीवर गेलात. मी धावत मागून आलो तर तुम्ही बसला होता, आठ-दहा माणसं होती, तुमच्या हातात बशी. मालक तुम्हांला प्रवासाचं विचारत होते. आणि तुम्ही म्हणालात, "परवास झ्याक झाला. पर मला एक सांगा पाटील, तुमचा ऊस दोनदा पितोय आन् शेपटाचा गहू वाळतोय, ह्यो कुठला न्याव? माज्या पोराला तुमी हेच शिकिवलं का?"

मालक रागावले नाहीत. त्यांनी तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, "पाव्हण्यायचं जेवण झालं का?"

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला दूध बंद झालेलं दिसलं. घरात वर्षाचं लेकरू होतं. मी हात जोडले आणि इथल्याच बोलीत म्हणालो, "मालक, मनावर घेऊ नका. आमच्या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर न्हाई."

तुम्ही ऐकलंत. तुम्ही बशीतला चहा पूर्ण प्यायलात, बशी खाली ठेवली आणि गप्प राहिलात. माणसांत गप्प बसलेले तुम्ही मला त्या एकाच दिवशी दिसलात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं तुम्ही गेलात. जीपमध्ये चढताना नातवाच्या गालाला हात लावलात आणि मला म्हणालात, "खोरं ऱ्हाऊ दे." एवढंच.

मग मी तुम्हांला पत्रं लिहायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या पत्रात लिहिलं, आता मी शेपटाकडून पाणी सोडतो, मालकांनी ऐकलं, काळजी नसावी. का लिहिलं? तुम्हांला बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या प्रत्येक पाळीला तसंच लिहीत गेलो, शेवटच्या रानातला गहू कसा आला तेही लिहायचो. तुमची उत्तरं शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात यायची, दोन-दोन ओळींची. तुमच्या दहाव्याला मी आलो तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "आबा शेवटपर्यंत पाटावर सगळ्यांना सांगायचं, माजं पोरगं परमुलखात शेपटाकडनं पाणी देतंय. तुजं पत्र खिशात ठेवायचं." मी नदीत उभा होतो. कावळा शिवेना म्हणून सगळे खोळंबले होते, आणि मला वाटत होतं की मी इथं उभा आहे म्हणूनच तो शिवत नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी मालक अंथरुणाला खिळले. मी भेटायला जायचो. एकदा मीच होतो तेव्हा ते म्हणाले, "चौकीदार, तुमचे वडील त्या दिवशी बराबर बोलून राहिले होते. मी तुमाला जेवणाचं इचारलं ते काहून? लोकाईत बोलायचं नव्हतं. म्हणलं, संध्याकाळी पोरगा येईल, दोघं बसून ठरवू. आमची रीतच हाय ती. पन तुमी म्हणले डोकं ठिकाणावर न्हाई. मंग येड्याच्या बोलण्यावर रीत कोन बदलते?" ते खरं बोलत होते, की मरताना माणूस स्वतःला चांगलं म्हणून घेतो तसं होतं ते, मला कळत नाही. रोज त्यावर विचार करतो. बीपीची गोळी घेतली की नाही हे विसरतो, पण हे विसरत नाही.

आता हे सगळं आज का, ते सांगतो. आपल्या चारीची दुरुस्ती झाली आहे आणि पाळी आता पाणी वापर संस्थेनं ठरवून कागदावर लिहून द्यायची आहे. एकदा लिहिलं की तेच चालणार. सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. मालकांचा नातू अध्यक्ष आहे, चांगला मुलगा आहे, मला आजोबा म्हणतो. शेवटचे तीन एकर आता त्या मुसलमानाच्या सुनेकडं आहेत, तिचा नवरा मागच्या साली गेला. तिनं हळद लावली आहे आणि ती हळद अजून दोन महिने पाणी मागणार. तोंडाकडून सुरुवात झाली तर तिच्यापर्यंत काही पोचत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्याहून जुनं आता कोन हाय? पाळीची सुरवात कुठून पायजे तेवढं सांगा. तेच लिहून टाकू."

मी म्हणालो, "नियमानं शेपटाकडून."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, हे तर तुमच्या वडलाचं बोलणं झालं. डोकं ठिकाणावर नव्हतं ते." आणि सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, आबा. गावात ती म्हणच पडली आहे. कुणी तोंडावर काही बोललं की म्हणतात, चौकीदाराच्या बापावानी करू नको. ज्यांनी तुम्हांला पाहिलं नाही ती पोरंसुद्धा म्हणतात. सगळे हसले तेव्हा मीही हसलो.

ती बाई एका बाजूला उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या घरात त्यायला कोनी येडं म्हणलं न्हाई. माझे सासरे मरेपर्यंत सांगत, त्या पाव्हण्यानं आपल्या रानातलं ढेकूळ हातात घेतलं होतं. काका, तुमीच सांगा. तुमचे वडील येडे होते का?"

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. एकच शब्द बोलायचा होता. मी नातवाकडं पाहिलं, मग जमिनीकडं, आणि म्हणालो, "सगळ्यायचा चहा झाला का?"

नातू समजला. म्हणाला, पुढच्या सोमवारी बसू. माणसं उठली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. इथल्या रीतीप्रमाणं त्या संध्याकाळी मी नातवाकडं जायला हवं होतं. चपला घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेलो, कडी लावली की नाही म्हणून परत आलो. काल गेलो नाही. आजही अजून गेलो नाही.

तुमचं खोरं दाराआड उभं आहे. दांडा बदलू दिला नाही मी कुणाला.

आपलं घर धाकट्यानं विकलं, त्यामुळं हे पत्र पाठवायला पत्ताही नाही. सून येतच असेल, फाटकाचा आवाज आला असं वाटतं. सोमवारी सगळ्यांसमोर सांगीन, अशी एक ओळ इथं लिहिली होती. ती मी खोडली आहे. तुम्हांला कागदावर मी आधीच पुष्कळ खोटं लिहिलं आहे, आबा.