कंबर आत घेण्याआधी

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्याचा दंडवत. तुमची आणि वहिनींची प्रकृती उत्तम असेल, असं नेहमीप्रमाणे लिहिणार होतो. पण आपल्या घराण्यात प्रकृतीविषयी खरं कोण सांगतं? म्हणून विचारतच नाही. मी संतापलो आहे.

मला मधुमेह निघाला. मला! तंबाखूला कधी शिवलो नाही, दोन्ही वेळा देवाचं नाव घेतो (चहात साखर जरा सढळ, पण ती काही व्यसनात धरत नाहीत). आणि दुकानासमोरचा न्हावी तळलेलं खाऊन हात गिऱ्हाइकाच्या डोक्याला पुसतो, त्याचं रक्त स्वच्छ! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो दिवसभर उभा असतो, तुम्ही शिलाई मशीनवर बसून. शिवाय घराण्याकडूनही येतं. घरात कुणाला होता?" मी छाती काढून सांगितलं, कुणालाच नाही.

मागून आमची ही म्हणाली, "मग मामंजींचा पाय कशाने गेला?"

"खिळा लागून."

"आणि आत्याबाईंची नजर?"

"सुईत दोरा ओवून ओवून."

तोकड्या कापडात कोट मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी जसं पाहतो, तसं डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

म्हणजे दादा, बाबांचं घर तुम्हाला, मशीन मला, आणि हा रोग सामाईक; वर त्याचं नावही कुणी सांगितलं नाही! देवापाशी गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ बसल्यावर एवढंच उमगलं, की कापड बाबांकडून आलं, पण बेतलं मीच. त्याने तर राग आणखीच वाढला. आता रोज चालतो. ही पुढे, मी मागे, मध्ये माझी कुरकुर.

लोभ आहेच, पण आज राग जास्त.

तुमचा धाकटा

ता. क. तुमच्या विजारी पोचल्या. दर वर्षी कंबर सैल करून मागता, यंदा चार बोटं आत घ्यायला सांगितलंत. वहिनी फोनवर कौतुकाने म्हणाल्या, "काही न करता बारीक झाले हो! पाणीही किती पितात!" दादा, पाय जाण्याआधी बाबाही असेच बारीक झाले होते. मापं मीच घेतली होती.

आणखी एक. विजारींना मी टाका घालणार नाही. सोमवारी सकाळी काही न खाता इकडे या. आधी रक्त, मग माप. न आलात तर मीच न्यायला येईन, आणि चालत येईन. आता तेवढी सवय झाली आहे.