कुंडीतल्या बाईसाहेब

४ सप्टेंबर
मागचं दार आजपासून बंद! बायकोने गवताळ माळावरून आणलेल्या गवताच्या कुंडीत एक कोळी निघाला — मादी आहे म्हणे — आणि तिने दाराच्या चौकटीत भलंमोठं गोल जाळं विणलंय. "मी येईपर्यंत हात लावायचा नाही," अशी तंबी देऊन बायको गेली. तीन महिने! ती त्याच माळावर कोळी मोजणार, आणि मी कचऱ्याची बादली घेऊन अख्ख्या इमारतीला वळसा घालणार. कोळ्याचं नाव ठेवलंय — बाईसाहेब.

निघताना तिने विचारलं, "जाऊ ना?" मी चष्म्याची काच घासत होतो. मान वर न करता म्हणालो, "जा की, मला काय फरक पडतो." जीभ हासडून टाकायला हवी होती.

९ सप्टेंबर
आज सुट्टी. सकाळी उजेडात पाहतो तर जाळं गायब! काल संध्याकाळी दुकानातून आलो तेव्हा होतं. तळमजल्यावरच्या काकू मागचा जिना झाडतात, त्यांचंच काम. तडक जाऊन भांडलो. "जळमटासाठी भांडणारा माणूस पहिल्यांदाच बघते," म्हणाल्या आणि दार लावलं.

१० सप्टेंबर
फोनवर बायकोला सांगितलं तर हसत सुटली. "अरे, ती स्वतःच खाते जाळं! पहाटे गुंडाळून खायचं, संध्याकाळी नवं विणायचं." गेल्यापासून पहिल्यांदा हसली! एरवी आमचा फोन म्हणजे 'जेवलास का', 'जेवलो', 'ठेवतो'. आज वीस मिनिटं! कामही दिलंय — रोज आरे मोजायचे. मधून चाकासारखे निघतात ते धागे.

काकूंची माफी मागितली. "दुकान चष्म्याचं ना? आधी स्वतःचे डोळे तपासा."

१८ सप्टेंबर
आरे एकवीस. फोन अर्धा तास.

३ ऑक्टोबर
बाईसाहेबांनी अंडी घातली! पात्याखाली पिवळसर रेशमाची पुडी, आणि पोट अगदी खपाटीला. बायकोला सांगितलं. "अरे वा," म्हणाली. मग म्हणाली, प्रकल्पवाले वर्षभर राहा म्हणतायत, महिनाअखेर सही करायची आहे. "तुला काय वाटतं?"

मी म्हणालो, "आज आरे अठरा." गाढव! शुद्ध गाढव!

८ ऑक्टोबर
बाईसाहेब गेल्या. कुंडीच्या कडेला पाय आखडून पडल्या होत्या. जाळं नाही. तेवढ्यात फोन. "आरे किती आज?" तोंडातून निघालं — "वीस."

१५ ऑक्टोबर
एकोणीस. काल बावीस. रोज थाप! आता तर नसलेल्या जाळ्यात पतंगही अडकवतो. पण करू काय? आरे संपले की पुन्हा 'जेवलास का'. दुकानात एका आजोबांची डावी काच उजवीकडे बसवली. तिची उशी तशीच आहे, मी तिच्याकडे तोंड करून झोपतो. आठवण येते, फार येते! हे सांगायचं सोडून मी आकडे सांगतो.

२७ ऑक्टोबर
जेवताना एकदम डोक्यात आलं — माझे आकडे तिच्या अहवालात गेले तर? ताट बाजूला सारलं. मला करमत नाही म्हणून तिच्या कामाला बट्टा लावू? उद्या सांगून टाकतो. चिडेल. चिडून सही करेल. करू दे.

२८ ऑक्टोबर
सांगितलं. "ती मेली. वीस दिवस झाले."

"माहीत आहे. अंडी घातल्यावर ती आठवडाभरही जगत नाही. तुझा एकही आकडा मी लिहिला नाही."

"मग रोज आरे का विचारायचीस?"

"तू फोन ठेवू नयेस म्हणून."

ये, म्हणालो.